जयवंतचं पाचारण

"कोणाची काही हरकत असेल तर आत्ताच सांगावी," पाळकसाहेब म्हणाले आणि हातातल्या कागदाची घडी घालायला लागले.

हरकत कधी कोणी घेत नसे. लग्नाच्या पुकाराला नाही आणि पंचांच्या निवडीलाही नाही. त्यामुळे हे वाक्य संपायच्या आत मंडळी गायनाची पुस्तकं उघडायला लागायची आणि पेटी वाजवणारे मास्तर भात्यावर हात ठेवायचे. त्या रविवारीही तसंच चाललं होतं. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला लोंढेकाका उभे राहिले.

माझा भाऊ जयवंत पहिल्या बाकावर बसला होता. तो बी.ए. झाला होता आणि पाळक होण्यासाठी सेमिनरीत बी.डी.ला अर्ज करत होता. पदवीनंतरचं ते शिक्षण. अर्जाबरोबर मंडळीची शिफारस लागायची, आणि शिफारस देण्याआधी उमेदवाराचं नाव भर उपासनेत वाचून दाखवायचं, असा आमच्या धर्मप्रांताचा नियम होता. पिंपळदऱ्याच्या आमच्या देवळातून कित्येक वर्षांत कोणी सेमिनरीला गेलं नव्हतं. जयवंतचं नाव वाचलं तेव्हा बायकांच्या बाजूला दोघीतिघींनी मागे वळून माझ्या आईकडे कौतुकानं बघितलं होतं. मी संडेस्कूलच्या मुलांना घेऊन पुढे सतरंजीवर बसले होते.

लोंढेकाका पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि मंडळीच्या कमिटीवर होते. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावणारे. त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही.

"मुलाबद्दल माझी तक्रार नाही," ते म्हणाले. "मुलगा चांगला आहे. मी घराबद्दल बोलतोय. ज्या घरातलं माणूस देवळात ख्रिस्ती आणि कचेरीत हिंदू आहे, त्या घरातून मंडळीनं पाळक पाठवावा का? एवढंच मला विचारायचं आहे."

ते माणूस म्हणजे मी.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. माझी जागा अनुसूचित जातीसाठी राखीव होती. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यानं त्यांची जात काही सुटली नव्हती. गावात पाणी वेगळं होतं ते वेगळंच राहिलं. सरकारी नियम मात्र असा की ख्रिस्ती झालेल्याला ती सवलत मिळत नाही. म्हणून मिशन कंपाउंडातल्या बहुतेक घरांनी शाळेत मुलांचं नाव घालताना 'हिंदू महार' लिहायचं आणि देवळात ख्रिस्ती राहायचं, हे पूर्वीच ठरवून टाकलं होतं. ठरवलं म्हणजे कोणी बसून ठरवलं नाही, तसं होत गेलं. बोलायचं नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. जयवंतनं अर्ज करायचा म्हणून त्याच वर्षी आपल्या कागदांवरचा धर्म बदलून घेतला होता. त्याच्यावर घर चालत नव्हतं, त्यामुळे त्याला ते जमलं. घर माझ्यावर चालत होतं.

लोंढेकाका बसले तरी देवळात कोणी हललं नाही. मी मुलांच्या डोक्यांवरून मागे बघितलं. तिथं माझ्यासारखे शिक्षक होते, तलाठी होता, आरोग्य केंद्रातली नर्स होती, एसटीतले दोघं होते. सगळ्यांच्या माना खाली होत्या. पाळक पारखेसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि हा विषय कमिटी बघेल असं सांगितलं. मग गायन झालं. ते फार हळू म्हटलं गेलं.

घरी आल्यावर आईनं चुलीवरचं भांडं आपटलं. बाबा मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते. दवाखाना बंद पडला आणि पुढच्याच वर्षी बाबा गेले. तेव्हापासून आईचा राग भांड्यांवरच निघायचा. लोंढेकाकूंच्या आजारपणात आपण रात्री जागवल्या, ते त्यांना आठवलं नाही का, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. जयवंत बाजेवर बसून राहिला होता. मी त्याला जेवायला वाढलं. त्यानं भात कालवला आणि तसाच ठेवला.

"ताई, राहू दे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी लोंढेकाका गप्प बसतील असं थोडंच होतं?

कमिटी बसली. काय झालं ते पारखेसाहेबांनी स्वतः येऊन सांगितलं. ते आमच्या ओट्यावर बसले, चहा घेतला आणि बराच वेळ आईच्या गुडघेदुखीची चौकशी करत राहिले. मग म्हणाले की बाकी सगळे तयार आहेत, पण लोंढे सही करत नाहीत. आणि शिफारस एकमतानं नसली तर बिशपसाहेबांच्या कचेरीतून ती परत येते. दोन वाटा होत्या. एक तर मी माझे कागद दुरुस्त करून घ्यायचे, म्हणजे नोकरी सोडायची. नाहीतर जयवंतनं थांबायचं. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची थोरली सून माझ्याच शाळेत होती, माझ्यासारख्याच जागेवर.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी लोंढेकाकांच्या घरी गेले.

ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले आणि आतून दुसरी खुर्ची आणली. काकूंनी पाणी आणून दिलं आणि त्या आत गेल्या. मला वाटलं होतं मी रागानं बोलेन. वाटेत वाक्यंही जुळवली होती. पण समोर बसल्यावर ती आठवेनात. मी सरळ विचारलं, माझी तक्रार वर करणार आहात का.

"नाही," ते म्हणाले. "कोणाच्या पोटावर पाय देणारा माणूस मी नाही. हे देवळाबाहेर जाणार नाही."

"मग देवळात कशाला काढलंत, काका?"

मग त्यांनी प्रमिलाचं सांगायला सुरुवात केली. प्रमिला त्यांची मुलगी, माझ्याहून मोठी. ती शाळेत पहिली यायची एवढं मला माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. बारावीला तिला जेवढे गुण मिळाले तेवढ्यात राखीव जागेवर सहज प्रवेश मिळाला असता. लोंढेकाकांनी तिच्या दाखल्यावर पहिल्यापासून 'ख्रिस्ती' लिहिलं होतं. शाळेच्या हेडमास्तरांनी तेव्हाच त्यांना बाजूला घेऊन समजावलं होतं. यांनी ऐकलं नाही. प्रवेश मिळाला नाही तेव्हा प्रमिला महिनाभर बापाशी बोलली नाही. मग नर्सिंगला गेली, नागपूरला कुठल्याशा खाजगी दवाखान्यात लागली. आता नाताळालासुद्धा येत नाही.

"मी तेव्हा तिला म्हटलं होतं, देवासमोर एक आणि सरकारसमोर एक असं आपल्याला जमणार नाही," ते म्हणाले. "ती म्हणाली, सगळ्यांना जमतंय, पप्पा. सगळ्यांना जमतंय. आता ह्या मंडळीनं तुझ्या भावाला पाठवलं, तर तिचंच खरं झालं. मग मी माझ्या पोरीचं नुकसान कशासाठी केलं?"

बोलताना त्यांचे हात गुडघ्यांवर होते. मी जो माणूस मनात घेऊन आले होते तो हा नव्हता.

"मी काय करावं असं म्हणता?"

"नाव एका ठिकाणी ठेव, करुणा. कुठल्या, ते मी सांगणार नाही."

तिथून मी घरी गेले नाही. देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. दार बंद होतं. बाहेर कोणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. विचार करण्यासारखं खरं तर फार नव्हतं. नोकरी सोडली तर आई, मी आणि जयवंत खाणार काय? जयवंत थांबला तर तो कुठेतरी कारकून होईल आणि वर्षा-दोन वर्षांत हा विषयच संपेल. बाबांच्या नंतर आमच्या घरात जे काही चांगलं म्हणण्यासारखं होतं ते त्याचं सेमिनरीला जाणं होतं. तो चर्चमध्ये शास्त्र वाचायचा तेव्हा म्हातारी माणसं डोळे मिटून ऐकायची. त्याचा आवाज बाबांसारखा होता.

मी पारखेसाहेबांकडे गेले आणि मंडळीच्या सभासदांतून माझं नाव काढा असं सांगितलं.

ते आधी हसलेच. मग त्यांच्या लक्षात आलं.

"हे मी करणार नाही," ते म्हणाले. "तुझा बाप्तिस्मा ह्या देवळात झालाय. तुझं दृढीकरणही इथंच झालंय. आणि करुणा, अर्धी मंडळी तशीच आहे."

"अर्ध्या मंडळीच्या घरातून कोणी अर्ज केलेला नाही, साहेब."

"नाव काढलं म्हणजे प्रभुभोजन नाही. संडेस्कूल नाही. मत नाही. पुढे आजारीपाजारी, मरणधरण..." ते थांबले. "दफनभूमीचं सगळं त्या नावावर असतं, हे तुला ठाऊक आहे ना?"

मी ठाऊक आहे म्हटलं. त्यांनी प्रार्थना करू या म्हटलं आणि डोळे मिटले. मीही मिटले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी आमेन तेवढं म्हणाले.

जयवंतला मी संध्याकाळी सांगितलं. तो ताडकन उठला. असल्या शिफारसीवर मी जाणार नाही, मी लोंढ्यांना जाब विचारतो, मी उद्याच पाळकसाहेबांना भेटतो, असं काय काय बोलला. मी त्याला बोलू दिलं. त्याचं बोलून झाल्यावर मी म्हटलं की झालेलं आहे, आता तू गेला नाहीस तर ते फुकट जाईल. तो रडला. आई भिंतीला टेकून बसली होती. ती रडली नाही, बोललीही नाही. सकाळी मी शाळेत जायला निघाले तेव्हा जयवंत दाराशी पुस्तक घेऊन बसला होता आणि मुलाखतीच्या तयारीसाठी इंग्रजी उतारे मोठ्यानं वाचत होता. मला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, पण बरं जास्त वाटलं.

पुढच्या रविवारी माझं नाव कमी केल्याचं उपासनेत वाचलं गेलं. 'स्वतःच्या विनंतीवरून' असे शब्द होते. मी शेवटच्या बाकावर बसले होते. देवळात यायला कोणाला बंदी नसते. संडेस्कूलची मुलं आता पारखेसाहेबांच्या सुनेबरोबर पुढे सतरंजीवर होती. त्यांच्यातली धाकटी सारखी वळून मागे बघत होती आणि सून तिचं डोकं पुन्हा पुढे फिरवत होती.

लोंढेकाकांनी सही केली. उपासना सुटल्यावर ते माझ्या बाकापाशी थांबले. काही म्हणतील असं वाटलं. नुसतं "सलाम, बाई," म्हणाले आणि गेले. आजवर ते मला करुणा म्हणत होते.

महिन्याभरानं सेमिनरीतून मुलाखतीला बोलावणं आलं. जयवंत एकट्यानं एवढ्या लांब कधी गेला नव्हता, म्हणून मी रजा काढून बरोबर गेले. सेमिनरी शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी होती. जुन्या दगडी इमारती, आवारात मोठमोठी चिंचेची झाडं, आणि सगळीकडे एक प्रकारची शांतता. झाडाखाली मुलं घोळक्यानं बसून वाचत होती. घोळक्यात दोन मुलीही होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या ग्रंथालयात कामाला असतील असं मला वाटलं.

जयवंतला आत बोलावलं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. इतर उमेदवार होते, कोणाचे वडील होते, कोणाचे पाळक होते. एकेक जण आत जाऊन लगेच बाहेर येत होता. जयवंत मात्र लवकर आला नाही. मला काळजी वाटायला लागली. इंग्रजीत अडला असेल, घराबद्दल खोदून विचारत असतील, असं मनात येत होतं. शेवटी दार उघडलं आणि तो बाहेर आला. त्याचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. मी उठेपर्यंत तो नळाकडे निघून गेला.

त्याच्यामागून एक बाई बाहेर आल्या. माझ्याच वयाच्या, सुती साडी, केस आखूड. त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"तुम्ही जयवंत मकासरेंच्या बहीण ना? मी इंदुमती रणभिसे. इथं शिकवते." त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "भाऊ चांगला आहे हो तुमचा. आज दिवसभर आम्ही पाचारणाच्या गोष्टी ऐकतोय. सगळ्या पुस्तकातल्या. त्यानं वडिलांच्या शेवटच्या दुपारचं सांगितलं, आणि आमच्या प्राचार्यांना चष्मा काढावा लागला."

पाचारण म्हणजे देवाचं बोलावणं. सेवेत येणाऱ्याला ते यावं लागतं आणि मुलाखतीत ते कसं आलं हे सांगावं लागतं.

"काय सांगितलं त्यानं?" मी विचारलं.

त्यांना वाटलं, मला पुन्हा ऐकायचं आहे. त्यांनी हौसेनं सांगितलं. दवाखाना बंद पडल्यावर रिकाम्या वॉर्डात वडिलांना कशी खाट टाकून दिली होती. उन्हाळा होता, खिडक्यांना ओली पोती लावली होती. वडिलांनी स्तोत्र वाचायला सांगितलं आणि म्हणाले, थांबू नको. वाचता वाचता त्यांचा श्वास थांबला ते कळलं, तरी थांबू नको म्हणाले होते म्हणून हा वाचत राहिला. स्तोत्र संपल्यावर त्यानं मान वर केली तेव्हा वॉर्ड पहिल्यासारखा रिकामा वाटेना. आपल्याला आयुष्यभर हेच करायचं आहे, माणसाच्या उशाशी बसून हेच वाचायचं आहे, असं त्याला आतून लख्ख कळलं.

"केवढा होता तो तेव्हा?" बाई म्हणाल्या. "लहानच असेल."

"लहानच होता," मी म्हटलं.

बाबा गेले तेव्हा जयवंत श्रीरामपूरला मामाकडे होता. त्याची शाळेची परीक्षा होती, म्हणून त्याला कळवलंच नव्हतं. त्या वॉर्डात बाबा होते, पायांशी बसलेली आई होती आणि उशाशी मी होते. स्तोत्र मी वाचलं. मान मी वर केली. बाबांना पुरल्यावर आठच दिवसांत मी तेव्हाच्या पाळकांकडे गेले होते आणि मला सेमिनरीला जायचं आहे असं सांगितलं होतं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं, की मुलींना बी.डी.ला पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही, फार तर घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणारी बायबलबाई होता येईल. आणि घरात धाकटा भाऊ आहे, तर डी.एड. करून शाळेत लाग. मी डी.एड. केलं. जयवंत परत आल्यावर मी त्याला ती दुपार सांगितली होती. त्याला बाबांचं शेवटचं काहीच मिळालं नव्हतं म्हणून पुन्हा पुन्हा सांगितली होती. ओल्या पोत्यांचा वाससुद्धा सांगितला होता. फक्त मी पाळकांकडे गेले होते, ते सांगितलं नव्हतं.

रणभिसेबाईंनी मला चहा दिला. जाताना म्हणाल्या, "आता आम्ही मुलींनाही घेतो. ह्या वर्षी दोघी आहेत. तुमच्या मंडळीत कोणी असेल तर पाठवा. वयाची फार अट नाही. फक्त मंडळीची सभासद हवी, शिफारस लागते ना."

मी बघते म्हटलं.

परतीच्या गाडीत जयवंत खिडकीशी बसला होता. बराच वेळ बाहेर बघत होता. गाडी घाटाला लागली तेव्हा तो म्हणाला, "बाई तुझ्याशी काय बोलत होत्या?"

"बाबांचं सांगितलंस म्हणाल्या."

त्यानं मान खाली घातली.

"मी तयारी केली होती ते सगळं आधी बोललो," तो म्हणाला. "सेवा, समाज, तरुण पिढी. ते नुसते माझ्याकडे बघत बसले. एक सर म्हणाले, हे ठीक आहे, पण तुला कधी बोलावणं आलं ते सांग. मला काही सुचेना, ताई. आणि मग ते आलंच तोंडातून. ठरवून खोटं नाही बोललो. तू इतक्यांदा सांगितलंयस की मला तो वॉर्ड दिसतो. मी तिथंच होतो असं वाटतं."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याला विचारावंसं वाटलं, की तुला स्वतःला कधी काही ऐकू आलं का. पण तो तेवीस वर्षांचा होता, घाबरलेला होता आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी विचारलं असतं तर त्यानं खरं उत्तर दिलं असतं.

"चांगलं बोललास ना?" मी म्हटलं.

"प्राचार्य रडले," तो म्हणाला.

त्याला प्रवेश मिळाला. जूनमध्ये तो गेला. शिकला, हुशार निघाला, मराठी उपदेशाचं बक्षीस मिळवलं. कुठल्या कुठल्या गावी उमेदवारी करून त्याची दीक्षा झाली. तो चांगला पाळक झाला. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही, लोक म्हणतात. आजाऱ्याच्या उशाशी तो रात्र रात्र बसतो. त्याच्यामुळे दारू सुटलेले लोक मी बघितलेत. माझी नोकरी राहिली. कोणी तक्रार केली नाही. मी लग्न केलं नाही. देवळात करायचं तर नाव नव्हतं, आणि देवळाबाहेर करायचं माझ्या मनात आलं नाही. दर रविवारी मी शेवटच्या बाकावर बसत राहिले. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे उठून पुढे जायचे तेव्हा मागे मी एकटी असायचे. दाराजवळ असल्यामुळे रस्त्यावरचं सगळं ऐकू यायचं.

दीक्षेनंतर जयवंत पहिल्यांदा पिंपळदऱ्याला उपासना घ्यायला आला तो दिवस मला सांगायचा आहे. देऊळ भरलं होतं. कंपाउंड सोडून गेलेली माणसंही आली होती. लोंढेकाका थकले होते, त्यांना दोघांनी धरून आणलं आणि पहिल्या बाकावर बसवलं. आईला पुढे जागा धरली होती. ती गेली नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगून माझ्याशेजारी बसली.

जयवंतनं उपदेशात बाबांची दुपार सांगितली. ती तो सगळीकडे सांगतो हे माझ्या कानावर होतं, पण मी कधी ऐकली नव्हती. माझ्याकडून नेली होती त्याहून ती चांगली झाली होती. रिकामा वॉर्ड, ओली पोती, थांबू नको म्हणणारा बाप. आता त्यात अडखळणं नव्हतं आणि तो कुठं खाली बघत नव्हता. मला कळलं की त्याच्यापुरतं ते खरं झालेलं आहे. देवळात बायका डोळे पुसत होत्या. लोंढेकाकांची मान हलत होती. माझेही डोळे भरून आले, आणि ते कशानं आले हे मला आजही नीट सांगता यायचं नाही.

आई पुढे बघत ताठ बसली होती. उपदेश संपून गायन सुरू झालं तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली.

"त्या दिशी हा श्रीरामपूरला व्हता," ती म्हणाली.

"आई, हळू."

"मी पायाशीच बसले व्हते ना. मला माहिती न्हाई का? उशाशी तू व्हतीस."

"असू दे आता."

"आन् तू पाळकाकडं गेलीवतीस ते बी मला माहिती हाय. त्याच्या बायकोनं सांगितलं व्हतं मला."

इतक्या वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

प्रभुभोजनाला सुरुवात झाली. एकेक बाक उठून पुढे गेला. वेदीच्या कठड्याशी माणसं गुडघे टेकत होती आणि जयवंत भाकरीचं ताट घेऊन एकेकापाशी वाकत होता. पांढऱ्या झग्यात तो उंच दिसत होता. आमच्या पुढचा बाक उठला, तेव्हा आईला हात द्यायला पारखेसाहेबांची सून आली. आईनं मान हलवली. सून थोडा वेळ थांबली आणि पुढे गेली.

"जा ना आई," मी म्हटलं. "तो वाट बघतोय. त्याचा पहिला दिवस आहे."

"मी बसते हितंच," आई म्हणाली आणि तिनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

रांग संपली. लोक आपापल्या जागी येऊन बसले. जयवंत ताट हातात धरून कठड्यापाशी उभा होता आणि सगळ्या बाकांवरून आमच्याकडे बघत होता. एक पाऊल पुढे आला, असं मला वाटलं. देवळात कोणी मागे वळून बघितलं नाही. मग त्यानं ताटावर पांढरा रुमाल घातला आणि आमच्याकडे पाठ करून मेजाकडे गेला.